चौथ्या पानावरचा रकाना

एकोणीस वर्षं बाई फोन करत होत्या, आणि ते काम त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं.

अनुदान कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर छाननी विभाग होता. चार टेबलं, चार खुर्च्या, त्यांतली एक कायम डुगडुगणारी, आणि भिंतीला टेकलेली लोखंडी कपाटं. कॉलेजात शिकणाऱ्या पोरापोरींचे अनुदानाचे अर्ज तिथं यायचे. अर्ज तपासायचा, नीट असला तर शिक्का मारून शंभराच्या गठ्ठ्यात टाकायचा, अपुरा असला तर पत्र पाठवायचं, एवढंच नियमात लिहिलेलं. पत्र म्हणजे एक छापील चिठ्ठी: ‘आपला अर्ज अपूर्ण आहे. नियम चौदा पाहावा.’ हा नियम चौदा साडेतीन पानांचा होता आणि तो वाचून शहाणा झालेला माणूस अजून जन्माला यायचा होता. म्हणून नोकरीच्या पहिल्याच महिन्यात बाईंनी एका मुलाला सरळ फोन लावला आणि सांगितलं, “अरे, दुसऱ्या पानावर वडिलांची सही राहिलीय. उद्या घेऊन ये.” तो आला, काम झालं. मग दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला लावला. बघता बघता चारही टेबलांवर ती पद्धतच पडून गेली.

बाईंनी सगळ्यांना वाईट सवय लावली, हेही खोटं नाही. कॉलेजांचे कारकून अर्धेमुर्धे अर्ज पाठवून हात झटकायचे. राहिलं असेल काही तर येईल फोन, असं म्हणायचे. पोरं तर कारकुनांच्याही वरताण. दर तीन अर्जांमागे एक लंगडा निघे, आणि तरीही दरवर्षी अनुदान वेळेवर पोचे, कारण चार फोन दिवसभर चालू असत. गठ्ठा पूर्ण शंभराचा निकाली निघाल्याशिवाय खजिन्याकडे जात नसे, त्यामुळे एक अर्ज अडला की बाकीचे नव्याण्णव त्याच्या मागं उभे. फोन होता म्हणून ते उभं राहणं दोन दिवसांचं असायचं. आदल्या वर्षी नवे फोन आले, अंगावर छोटा पडदा असलेले. त्या पडद्याचं काय करायचं ते कुणाला कळलं नाही, कुणी विचारलंही नाही.

तर अशा या विभागात एक दिवस वरून मोजणीवाला आला. कुणाच्या हातून किती काम होतं ते मोजून जागांची नवी श्रेणी लावायची होती. माणूस पोरगेलासा, सभ्य, हातात घड्याळ आणि मांडीवर तक्ता. तीन दिवस तो बाईंच्या मागं खुर्ची टाकून बसला. बाईंनी अर्ज उघडला की घड्याळ सुरू, शिक्का मारला की बंद. बाईंनी फोन उचलला की मात्र तो घड्याळ थांबवायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलंच. “घड्याळ का थांबवता हो मधेच?”

“फोन तक्त्यात नाही, मॅडम.”

“अहो, पण निम्मं काम तेच आहे.”

“असेल. पण तक्त्यात नाही,” तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं, त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही आलं नाही.

महिन्याभरानं निकाल लागला. छाननी विभागात कामाच्या मानानं माणसं फार निवांत आहेत, सबब चारही जागा एक पायरी खाली आणि पगारवाढ बंद. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. पगाराची पायरी गेली ती गेलीच, पण निवांत हा शब्द त्यांच्या घशाखाली उतरेना. एकोणीस वर्षांत त्यांनी किती पोरांची वर्षं वाचवली याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता, आणि आता तो नाही म्हणून त्या निवांत.

विभागात संघटनेचा जो माणूस होता त्याला सगळे पुढारी म्हणत, तोंडावरसुद्धा. त्यानं सभा घेतली, पाऊण तास बोलला, आणि नेहमीप्रमाणे निवेदन द्यायचं ठरत होतं. तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या. सभेत त्या आजवर कधी बोललेल्या नव्हत्या.

“जे मोजतच नाहीत ते करायचं कशाला?” त्या म्हणाल्या. “ठेवा फोन खाली. नियमात आहे तेवढंच करू. बघू दे त्यांना निवांत म्हणजे काय ते.”

टाळ्या पडल्या. पुढाऱ्यानं ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून दारावर लावलं: फोन खाली. विभागात एक काका होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांनी बाईंचा हात हातात घेऊन दाबला. सहा वर्षांपूर्वी लागलेली आणि अजूनही जिला सगळे नवीच म्हणत ती मुलगी म्हणाली, “बाई, मला तुमचा अभिमान वाटतो.” बाईंनाही त्या दिवशी स्वतःचा वाटला. नाही म्हणायचं कारण नाही.

बाईंचं घर म्हणजे भावाच्या घराची वरची खोली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून दादानं त्यांना वर ठेवून घेतलं होतं. दादा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. खाली वहिनी दोन्ही वेळचा स्वयंपाक करायची आणि संध्याकाळी जिन्यातून हाक मारायची, “वन्सं, पानं घेतलीत.” आणि या दोघांची एकुलती एक मुलगी, ठेंगणी म्हणून टिंगू, ती तर बाईंच्याच मांडीवर वाढलेली. टिंगू तीन तासांच्या अंतरावरच्या गावात कॉलेजात होती आणि दातांच्या कवळ्या बनवायला शिकत होती.

“सगळी पोरं माणसांचे डोळे, हृदय असलं काहीतरी शिकतात,” दादा म्हणायचा. “आमच्या घरात दात.”

“आत्याची कवळी मी फुकट करणार आहे,” टिंगू म्हणायची. “तुमच्याकडून पैसे घेणार.” पहिल्या वर्षी तिनं हातानं कोरलेली एक प्लास्टरची दाढ बाईंना दिली होती. ती बाईंच्या कचेरीतल्या टेबलावर कागद दाबायला असे.

दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरायला टिंगू बाईंच्या खोलीत बसली होती, संपाचं वारंही नव्हतं तेव्हा. चौथ्या पानाच्या तळाशी एक रकाना होता: दुसरीकडून काही अनुदान मिळतं का? कॉलेजच्या स्वतःच्या अनुदानाची एक यादी असायची, ती उशिरा लागे.

“इथं काय लिहू, आत्या?”

“यादी लागेपर्यंत कोरा ठेव. नाव नसलं तर ‘नाही’ लिहायचं असतं. पण तू अर्ज पाठवून दे, वेळ नको घालवूस. मी फोन करेन तेव्हा येऊन लिहून जा.”

एकोणीस वर्षं त्या हेच सांगत आल्या होत्या. टिंगूनं मान डोलावली, पान उलटलं आणि विसरूनही गेली. फोन येणार असल्यावर लक्षात कशाला ठेवायचं?

तो अर्ज ‘फोन खाली’च्या दुसऱ्या दिवशी कचेरीत आला. अर्ज क्रमांकानं चार टेबलांवर वाटले जात, त्या फेरीत तो बाईंच्याच टेबलावर पडला. त्यांनी उघडला, चौथं पान बघितलं, रकाना कोरा. नातलगाचा अर्ज स्वतः तपासायचा नाही असा नियम होता, तेव्हा त्यांनी वर ‘नातलग’ असं लिहून तो पुढाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवला.

“भाचीचा आहे,” त्या म्हणाल्या.

“हं,” पुढारी म्हणाला, आणि चौथं पान बघून त्यानं बाईंकडे बघितलं. बाई आपल्या टेबलाशी परत गेल्या.

आठवड्याभरात कपाटं भरली. शंभरातले तीस-पस्तीस अडायचे आणि बाकीचे त्यांच्यामागं खोळंबायचे. खालच्या खिडकीशी पोरांची रांग लागू लागली. आमचं काय झालं म्हणून विचारायची, आणि खिडकीतून एकच उत्तर मिळायचं, पत्र येईल. पत्रं जात होतीच. नियमात होतं तेवढं सगळं होत होतं, किंबहुना इतकं नियमानं त्या कचेरीत पूर्वी कधी झालं नव्हतं. एक मुलगा तर जिन्यात बाईंना ओळखून म्हणाला, “तुम्हीच ना त्या फोनवाल्या? मला मागच्या वर्षी तुम्हीच केला होता.” बाई म्हणाल्या, “पत्र येईल हं.” आणि वर जाऊन पाणी प्यायल्या.

त्यांना त्रास होत नव्हता असं नाही. झोप उडाली होती. पण लढाई म्हटली की थोडं सोसायचं, आणि ही लढाई तर त्यांच्याच वाक्यावर उभी होती. आपणच मागं हटलो तर ते कसं दिसेल?

एक गोष्ट मात्र त्यांना बरी वाटायची. बाईंना पोटाचं दुखणं होतं, एक वाजता म्हणजे एक वाजता जेवायलाच हवं. मागच्या अंगणातल्या बाकावर त्या डबा खायच्या आणि बाकीचे तिघंही बरोबर यायचे. संप सुरू झाल्यापासून तिघं वरच जेवू लागले. “तुम्ही जा बाई, निवांत जेवा,” पुढारी म्हणायचा. “साहेब मधेच कुणाला फोन करायला लावतील, भरवसा नाही. आम्ही पहारा देतो.” अर्धा तास बाई एकट्या बाकावर बसायच्या आणि वाटायचं, चला, माणसं तरी चांगली मिळाली.

टिंगूला पत्र मिळालं तसं रविवारी ती घरी आली. जेवण झाल्यावर तिनं ते ताटाशेजारी ठेवलं.

“आत्या, नियम चौदा म्हणजे काय गं? मी वाचला. काही कळलं नाही.”

बाईंनी पत्राची तारीख बघितली. अर्ज पूर्ण करायला पत्राच्या तारखेपासून महिन्याची मुदत होती, त्यातले दहा दिवस टपालातच गेले होते. तीस तारखेपर्यंत अर्ज पूर्ण झाल्याची पोच कॉलेजात दाखवली नाही तर वसतिगृहाची खोली आणि वर्गातली जागा प्रतीक्षा यादीवरच्या पुढच्या मुलीला जाणार होती. हे सगळं बाईंना टिंगूइतकंच पाठ होतं.

“मला नाही सांगता यायचं,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे तुला माहीत नाही?”

“माहीत आहे. पण सांगता यायचं नाही. तिथं हजारभर पोरं अडकलीत, टिंगू. त्यांना सांगायला कुणाची आत्या आहे? मी सगळ्यांपुढं उभं राहून फोन खाली ठेवा म्हणाले आणि घरी येऊन माझ्या भाचीला तेवढं सांगितलं, तर मी कुठल्या तोंडानं बसू तिथं?”

दादानं हात धुतलेला नव्हता. तो तसाच बसून राहिला. “एक ओळ सांगायला काय जातं तुझं?”

“दादा, आठवड्याभरात मिटतंय. मिटलं की सगळ्यांनाच फोन जातील. हिला पहिला मी करेन.”

“कोण म्हणालं आठवड्याभरात?”

“पुढारी म्हणाला.”

वहिनी भांडी गोळा करत होती. ती म्हणाली, “वन्सं, चूल घरात पेटवायची सोडून गावात दिवा लावायला निघालात.” एवढंच म्हणाली आणि आत गेली. टिंगू मात्र हट्टाला पेटली नाही. ती बाईंचीच पोर होती. पत्राची घडी घालत म्हणाली, “राहू दे बाबा. आत्याचं बरोबर आहे. मी बघते काय राहिलंय ते.”

हे बाईंना जास्त लागलं. ती भांडली असती, रडली असती, तर कदाचित बाई विरघळल्या असत्या.

टिंगूनं मग सुचेल ते पाठवलं. उत्पन्नाचा नवा दाखला, रहिवासाचा दाखला, आईची सही, बापाची सही, चार फोटो, कॉलेजच्या शिक्क्याचं पत्र. जाडजूड पाकीट पुढाऱ्याच्या टेबलावर आलेलं बाईंनी बघितलं. त्यानं ते उघडलं, चाळलं, तिच्या अर्जाचं चौथं पान पुन्हा बघितलं आणि छापील चिठ्ठी काढली. नियम चौदा पाहावा. हत्ती गेला होता आणि शेपूट अडलं होतं.

“कधी मिटतंय?” बाईंनी विचारलं.

“या आठवड्यात. फार तर पुढच्या,” पुढारी म्हणाला.

मुदतीच्या आदल्या दिवशी बाई कचेरी सुटल्यावर जिन्याच्या वळणावर थांबल्या. स्वतःचा मोबाइल काढला आणि टिंगूचा नंबर लावला. एक शब्द सांगायचा होता. घंटी वाजायच्या आत त्यांनी तो बंद केला. खिडकीशी रांगेत उभी राहणारी ती सगळी तोंडं डोळ्यांपुढं आली, असं त्यांनी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. खरं तर त्यांच्या डोळ्यांपुढं दारावरचा कागद आला होता, त्यांच्याच वाक्याचा. माणसाला आपल्या वाक्याचा मोह पोटच्या पोरापेक्षा जास्त पडतो, आणि बाईंना पोटचं पोरही नव्हतं.

मुदत गुरुवारी संपली. त्याच्या पुढच्या बुधवारी तंटा मिटला.

टिंगूची खोली तोवर दुसऱ्या मुलीला गेली होती. बाईंनी मिटल्याच्या तासाभरात विभागाच्या साहेबांची खोली गाठली. मुदत संपलेले अर्ज पुन्हा उघडा म्हणून विनवलं. साहेब पहिल्यापासून बाईंशी चांगले वागत आले होते. त्या दिवशीही चांगलेच वागले, चहा मागवला.

“बाई, नियम आहे,” ते म्हणाले. “आणि नियमानं काम व्हावं ही तर तुमचीच मागणी होती.”

टिंगू ट्रंक घेऊन घरी आली आणि पंधरा दिवसांत बाजारातल्या मोठ्या दुकानात पाकिटं बांधायच्या टेबलावर उभी राहू लागली. पुढच्या वर्षी बघू, असं दादा म्हणायचा, पण बाईंना उद्देशून नाही. बाईंशी तो बोलायचाच बंद झाला होता. वहिनी संध्याकाळी जिन्यातून हाक न मारता ताट पायरीवर ठेवून जायची. बाई ते वर नेऊन खायच्या, धुऊन पुन्हा पायरीवर ठेवायच्या. तोंड उघडून भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. टिंगूशीही काय बोलायचं ते त्यांना सुचत नव्हतं, आणि टिंगूनं काही विचारलं नाही.

आता मिटलं ते कसं मिटलं ते ऐका. वरचे लोक म्हणाले, ठीक आहे, फोन हेही काम आहे, कबूल. तक्त्यात घालतो. पण किती काम आहे ते मोजायला हवं की नको? मोजणीवाला पुन्हा आला, या वेळी घड्याळ न घेता. त्याला घड्याळाची गरज नव्हती. त्या नव्या फोनांच्या पोटात प्रत्येक फोनची नोंद होत होती, कुठल्या टेबलावरून, कुणाला, किती वाजता. त्यानं मागचे सहा आठवडे काढले आणि तक्ता करून फलकावर लावला. छाननी विभागातली चार टेबलं आणि त्यांपुढं आकडे. पुढारी, चौसष्ट. नवी, सत्तेचाळीस. काका, एकतीस. बाई, शून्य.

बाईंना आधी वाटलं तारखा चुकल्यात. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तारखा त्याच होत्या, ‘फोन खाली’च्या. आणि प्रत्येक फोनची वेळ एक ते दीडच्या मधली.

त्या वर आल्या तेव्हा तिघंही आपापल्या टेबलाशी होते. बाईंनी आवाज चढवला नाही. “कुणाला केलेत?” एवढंच विचारलं.

पुढाऱ्यानं पुढ्यातले कागद सारखे केले. मग म्हणाला, “अहो बाई, आपण माणसं आहोत. माझ्या साडूचा मुलगा होता. मग साडूच्या शेजारचा. एकाला सांगितलं की दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं? काकांच्या चाळीतली पोरं होती. हिच्या बहिणीच्या मैत्रिणी.”

“आणि माझी भाची?”

शेवटी काकाच म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर बापुडवाणा होता. “बाई, तुमच्या घरातली पोर. आम्हाला वाटलं, तिला तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असणार.”

“म्हणून तर मी हात लावला नाही,” पुढारी म्हणाला. “म्हटलं, मी फोन केला तर पोर म्हणेल, आत्यानं आधीच सांगितलंय, आणि बाईंना उगाच वाटेल, याला कळलं मी घरी सांगितलं ते. तुमचा मान राखायला गेलो. पाकीट आलं तेव्हा जरा चकित झालो, पण म्हटलं असेल काहीतरी तुमचं.”

नवीला रडू आलं. “आम्हाला वाटलं तुम्हीही करत असाल, घरून. सगळेच करतात ना, बाई?”

बाईंना त्या क्षणी तिघांचाही संताप आला. पण त्याच्या खाली दुसरं काही होतं आणि ते जास्त वाईट होतं. हजारभर पोरांसाठी म्हणून त्यांनी आपल्या पोरीचा बळी दिला होता. त्या हजारांतली ज्यांना कुणी काका-मामा होते ती दीडशे सुटली होती, आणि ज्यांना कुणीच नव्हतं त्यांच्या रांगेत टिंगू उभी राहिली होती, घरात आत्या असून. याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा.

आकड्यांप्रमाणे श्रेणी लागली. तिघांची पायरी परत मिळाली, पुढाऱ्याला तर एक जास्तीची. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: ‘या टेबलावर दूरध्वनीचे काम आढळले नाही. श्रेणी आहे तीच.’ एकोणीस वर्षांपूर्वी ज्या टेबलावरून पहिला फोन गेला तेच हे टेबल. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली म्हणावं, तर संन्याशानं सुळी स्वतःच उभी केली होती. पुढाऱ्यानं निषेधाचं निवेदन देऊ असं म्हटलं. बाईंनी नको म्हणून सांगितलं.

साहेबांना मात्र खरंच वाटत होतं की बाईंचं काहीतरी भलं व्हावं. त्यांनी बाईंना बोलावून एक यादी दिली.

“यात मुदत संपून बंद झालेले अर्ज आहेत, तीनशे बारा. बंद झाल्याचं प्रत्येकाला फोनवर कळवायचंय. आता ते तक्त्यात आहे, दिवसाला पंधरा. हे सगळे तुमच्याच टेबलाला देतो. पुढच्या मोजणीपर्यंत तुमचा आकडा चांगला दिसेल.”

“साहेब, यात माझी भाची आहे. नातलगाचा नियम.”

“तो छाननीला, बाई. हे नुसतं कळवणं आहे.”

यादीबरोबर बोलायची वाक्यंही छापून आली होती. बाईंनी यादी टेबलावर ठेवली, ती उडू नये म्हणून वर प्लास्टरची दाढ ठेवली, आणि फोन सुरू केले. काही पोरांनी ऐकून घेतलं. काहींनी नको ते बोलून घेतलं, तेही बाईंनी ऐकलं. एक मुलगी म्हणाली, इतके दिवस कुठं होता हो तुमचा फोन? तिला काय सांगणार?

टिंगूचा नंबर एकशे चौदावा होता. तो वगळून एकशे पंधरावा लावावा असं बाईंच्या मनात येऊन गेलं. पण त्यांनी लावला. पलीकडे चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता, आणि कुणीतरी मोठ्यानं पत्ता वाचत होतं.

“नमस्कार. अनुदान कार्यालयातून बोलतेय,” बाईंनी कागदावरचं वाचलं. “आपला अर्ज मुदतीत पूर्ण न झाल्यामुळे बंद करण्यात आला आहे.”

“माहितीये की, आत्या,” टिंगू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “मग फोन कशाला?”

“करावा लागतो आता. नियमात आलाय.”

“अच्छा.” चिकटपट्टीचा आवाज थांबला. “आत्या, एक विचारू? आता तर सांगशील. काय राहिलं होतं?”

समोरच्या टेबलावर पुढारी कुणाला तरी फोनवर समजावत होता, दुसऱ्या पानावर वडिलांची सही राहिलीय म्हणून. बाईंनी फोनचा रिसीव्हर दोन्ही हातांत धरला.

“चौथ्या पानावर तळाशी एक रकाना होता. दुसरीकडून अनुदान मिळतं का म्हणून. तिथं ‘नाही’ लिहायचं राहिलं होतं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

पलीकडे चिकटपट्टी पुन्हा एकदा ओढली गेली आणि थांबली. मग टिंगू म्हणाली, हळू, आठवून आठवून, “तो मी मुद्दाम कोरा ठेवला होता ना गं? तू म्हणालीस म्हणून. तू म्हणालीस, मी फोन करेन.”

“हो.”

“हं.” कुणीतरी तिला हाक मारली. “बरं झालं सांगितलंस. ठेवते आता, माणसं खोळंबलीत.”

फोन बंद झाला. अंगावरच्या छोट्या पडद्यावर आकडे आले: दोन मिनिटं दहा सेकंद. त्याखाली, आजचे फोन नऊ. पंधरा व्हायला अजून सहा हवे होते. बाईंनी यादीत टिंगूच्या नावापुढं खूण केली आणि पुढचा नंबर लावला.